कोचपप्पा

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, वह्यांना कव्हरं घालून झाली की न्यू पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली या पट्ट्यातल्या दर दोन-तीन सोसायट्यांमागे एका गृहस्थाला खेळाचा उमाळा येतो. एरवी हा गृहस्थ पहिल्या मजल्यावरून दूध आणायला उतरतानाही लिफ्टची वाट बघतो. पण शाळेच्या पालक ग्रुपवर ‘बास्केटबॉल संघाची निवड चाचणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात’ असा मेसेज पडायचा अवकाश, त्या रात्री तो बाप म्हणून झोपतो आणि सकाळी कोच म्हणून उठतो. बिल्डिंगमधली पोरं त्याला तोंडावर ‘काका’ म्हणतात. पाठीमागे त्याचं नाव कोचपप्पा.

कोचपप्पा ओळखायला सोपा. खाली ट्रॅकपँट, वर कुठल्याशा बँकेच्या मॅरेथॉनमध्ये फुकट मिळालेला टी-शर्ट (मॅरेथॉन धावलेला नसतो, टी-शर्ट घेऊन आलेला असतो), गळ्यात शिट्टी आणि हातात फाईल. शिट्टी आणि फाईल ही दोन्ही हत्यारं एकाच वेळी जवळ बाळगणारा माणूस एकतर निवडणूक ड्युटीवर असतो, नाहीतर कोचपप्पा असतो. त्याच्या मागे चार पावलांवर, डोळ्यांवरची झोप तशीच ठेवून, आठवीतले चिरंजीव चालत असतात. बास्केटबॉलच्या टीममध्ये जायचं हे चिरंजीवांच्याच मनात आलेलं असतं हे खरं. त्यांचं कारण मात्र साधं असतं. टीममधल्या मुलांना ऑगस्टमध्ये प्रॅक्टिससाठी शेवटचे दोन तास सोडतात आणि त्यातला एक गणिताचा असतो.

कोचपप्पाचं कारण एवढं उथळ नाही. ‘क्रिकेटमध्ये आता काही राहिलं नाही हो,’ तो गेटपाशी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता सांगतो. ‘गल्लीगल्लीत अॅकॅडमी. एका जागेला दोनशे पोरं. बास्केटबॉलला स्कोप आहे.’ आणि मग तो स्कोप उलगडून दाखवतो. आधी शाळेची टीम. मग महापालिका क्षेत्राच्या शालेय स्पर्धा. मग विभाग, मग राज्य. वाटेत कुठेतरी प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर दहावीला खेळाचे सवलतीचे गुण. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. जुडी निवडून होईपर्यंत चिरंजीव क्लास वन अधिकारी होऊन, क्वार्टर मिळवून, कोचपप्पाला निवृत्तीनंतर कोकणात पाठवूनही मोकळे झालेले असतात. बॉल अजून आणायचा असतो.

या वाटचालीत पहिला धोंडा जन्मतारखेचा. शालेय स्पर्धांचे वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालील, आणि त्यांची रेघ पडते 1 जानेवारीला. गटासाठी ठरलेल्या वर्षीच्या 1 जानेवारीला किंवा नंतर जन्मलेला तो लहान गटात, आदल्या दिवशी जन्मलेला तो थोरल्यांत. चिरंजीव जन्मले 29 डिसेंबरला. म्हणजे जुलैत साडेतेरा वर्षांचा हा मुलगा खेळणार 17 वर्षांखालील गटात, जिथे दहावीतल्या काही मुलांना मिशा फुटलेल्या असतात आणि त्यातला एखादा तर दाढीही करतो.

‘तीन दिवस,’ कोचपप्पा तीन बोटं वर करून सांगतो. ‘फक्त तीन दिवसांनी घात केला.’

‘त्या तीन दिवसांचं मला विचारा,’ स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येतो. ‘मी थांबायला तयार होते. तुमचा मुलगा नव्हता.’

मग साहित्याची खरेदी. बास्केटबॉलचे आकार असतात. पाच नंबरचा लहान मुलांचा, सहा नंबरचा मुलींचा आणि बायकांचा, सात नंबरचा मोठ्या मुलांचा आणि पुरुषांचा. सात नंबरचा बॉल सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याचा घेर पाऊण मीटर. दुकानदाराने चिरंजीवांच्या पंजाकडे बघून भीतभीत पाच नंबर पुढे केला. कोचपप्पाने तो बाजूला सारला. ‘मोठाच द्या. वाढत्या अंगाचा आहे.’ शाळेचा गणवेश, रेनकोट आणि पावसाळी चपला ज्या तत्त्वावर घेतल्या जातात त्याच तत्त्वावर बॉल घेतला गेला. सुरुवातीचे काही दिवस चिरंजीव बॉल खेळवत होते की बॉल चिरंजीवांना, हे बाल्कनीतून नीट कळत नसे.

बॉलपाठोपाठ रिंग आली, पायावर उभी राहणारी. खेळाच्या नियमाप्रमाणे रिंग जमिनीपासून 10 फुटांवर हवी. पनवेलमध्ये जुलै महिन्यात उघड्यावर रिंग उभी करणं म्हणजे बॉल गाढी नदीला अर्पण करणं, म्हणून ती बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी राहिली. आणि तिथे कळलं की पार्किंगचा स्लॅबच 10 फुटांच्या खाली आहे. कोचपप्पा हार मानणारा नव्हे. त्याने रिंग साडेआठ फुटांवर आणली. आता शॉट मारायचा तर बॉलने वर जाऊन कमान घ्यावी लागते, आणि कमान घ्यायला वर जागा नाही. त्यामुळे चिरंजीवांचा बॉल आधी स्लॅबला, मग बीमला, मग पाण्याच्या पाइपला आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरला लागू लागला. दुसऱ्याच दिवशी नोटीस बोर्डावर सेक्रेटरींचा कागद चिकटला: ‘पार्किंगमध्ये बॉल आपटल्यास दंड आकारण्यात येईल.’ कोचपप्पाने त्याखाली पेनने लिहिलं, ‘आपटणे हा खेळाचा नियम आहे.’ त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘गाडीचा आरसा हा खेळाचा नियम नाही.’ आमच्या सोसायटीत एवढा दर्जेदार पत्रव्यवहार पुनर्विकासाच्या वेळीही झाला नव्हता.

उंची हे कोचपप्पाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख. तो स्वतः पाच फूट पाच. वहिनी पाच फूट. घरात सगळ्यात उंच म्हणजे कपाट. अशा घराण्यातून बास्केटबॉलपटू काढायचा तर नुसत्या मेहनतीने भागत नाही, शास्त्र लागतं. बेडरूमच्या दाराच्या चौकटीत लोखंडी बार बसला. चिरंजीव सकाळ-संध्याकाळ त्याला लटकू लागले. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा चढल्या. पहिल्या आठवड्यात रेघ अर्धा सेंटिमीटर वर गेली तेव्हा घरात शिरा झाला. दुसऱ्या आठवड्यात ती खाली आली. कोचपप्पाने रात्रभर मोबाइलवर अभ्यास केला आणि पहाटे उत्तर सापडलं. माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच असतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी तेवढी उंची घटते. हे खरं शास्त्र आहे. कोचपप्पाने त्याचा वापर केला तो असा, की शाळेला अर्ज दिला: ‘निवड चाचणी संध्याकाळऐवजी सकाळी सातला घ्यावी, ही विनंती.’

उंचीला जोड आहाराची. दोन खजूर, भिजवलेले बदाम, नाचणीचं सत्त्व, वर उकडलेली अंडी. अंड्यांवर आजींनी हरकत घेतली. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, आणि चातुर्मासात त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं शिरणार नव्हतं. बोलणी लांबली. शेवटी तोडगा निघाला की अंडी बाहेरच्या बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात आणि आजी पोथी वाचत असतील तेव्हाच उकडायची. त्यामुळे आजींचं वाचन सुरू झालं की चिरंजीवांना भूक लागायची. महिनाभरात आजींच्या पोथीचं पारायण दोनदा झालं. त्या महिन्यात घरातली सगळ्यात शिस्तबद्ध प्रॅक्टिस तीच.

कोचपप्पाचा अभ्यास चालतो लोकलमध्ये. पनवेलला राहण्याचं मोठं सुख म्हणजे गाडी इथूनच सुटते. सीएसएमटीपर्यंतच्या सव्वा-दीड तासात खिडकीशी बसून तो मोबाइलवर ड्रिल बघतो. मानसरोवर येईपर्यंत ड्रिबल, वाशीच्या पुलावर लेअप, कुर्ल्याला डिफेन्स. ‘क्रॉसओव्हर’ शिकताना एकदा त्याचा हात आपोआप हलला आणि समोरच्याच्या डब्यातली भाजी सांडली, असं ऐकिवात आहे. संध्याकाळी घरी येतो तो ‘वीक हँड’, ‘फूटवर्क’, ‘कोर्ट व्हिजन’ असे शब्द घेऊन. चिरंजीवांना यातलं काही कळत नाही. पण ‘हो पप्पा’ म्हटलं की भाषण लवकर संपतं, हे त्यांच्या कोर्ट व्हिजनला अचूक दिसलेलं असतं.

जेवताना इतिहास. ‘हा खेळ 1891 च्या डिसेंबरात जन्मला,’ कोचपप्पा वरणात भात कालवताना सुरू करतो. ‘अमेरिकेत, स्प्रिंगफील्डला. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने. बाहेर बर्फ, पोरं आत वैतागलेली. त्याने शिपायाकडे दोन खोके मागितले. शिपायाकडे खोके नव्हते, त्याने पीच फळाच्या टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा होता 10 फुटांवर, म्हणून आजतागायत रिंग 10 फुटांवर.’ (स्प्रिंगफील्डच्या त्या हॉलला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगचा स्लॅब असता तर जगभर रिंग साडेआठ फुटांवर आली असती आणि कोचपप्पाचा निम्मा प्रश्न सुटला असता.)

‘टोपलीला बूड होतं?’ चिरंजीवांचा पहिला प्रश्न.

‘होतं. बॉल आत पडला की शिडी लावून काढावा लागायचा.’

‘दर वेळी?’

‘पहिल्या सामन्याचा निकाल 1-0 लागला म्हणतात.’

‘म्हणजे शिडी एकदाच लागली,’ चिरंजीव समाधानाने म्हणाले. ‘तो खेळ चांगला होता.’

प्रेरणा म्हणून मायकेल जॉर्डन आहेच. भारतात ज्याचं पोर कुठल्याही परीक्षेत मागे पडतं त्या प्रत्येक घरात जॉर्डनची गोष्ट सांगितली जाते: त्याला शाळेच्या टीमने हाकलून दिलं होतं आणि बघा पुढे काय झालं. खरी गोष्ट जरा कमी नाट्यमय आहे. 1978 साली विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये त्याला मोठ्या संघात घेतलं नाही आणि धाकट्या संघात खेळायला लावलं, कारण तो दहावीत होता आणि बुटका होता. वरच्या संघातली जागा मिळाली त्याच्याच वयाच्या एका साडेसहा फुटी मुलाला. कोचपप्पा ही गोष्ट सांगताना उंचीचा भाग गाळतो. ज्या दिवशी चौकटीवरची रेघ खाली येते त्या रात्री जॉर्डनही चालत नाही. तेव्हा मगसी बोग्झ काढावा लागतो, उंची 5 फूट 3 इंच, आणि तरी एनबीएत 14 मोसम खेळला. वहिनी विचारतात, ‘आणि आपल्याकडचा कोण?’ कोचपप्पा सांगतो, सतनाम सिंग, पंजाबातल्या खेड्यातला, 2015 मध्ये डॅलसच्या संघाने निवडलेला पहिला भारतीय. ‘उंची?’ ‘7 फूट 2 इंच.’ मग बराच वेळ कुणी बोलत नाही. चिरंजीव खजूर मागतात.

एका रविवारी कोचपप्पाने चिरंजीवांना नागपाड्याला नेलं. हार्बरने कुर्ला, तिथून भायखळा, पुढे चालत. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की जाणकार नागपाड्याचंच नाव घेतात. 1927 साली अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी सुरू केलेलं नागपाडा नेबरहूड हाउस, जवळचं मस्तान वायएमसीए, आणि आजूबाजूच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांतून पिढ्यानपिढ्या तयार झालेले खेळाडू. तिथे चिरंजीवांच्याच वयाची, चिरंजीवांच्याच उंचीची पोरं कोर्टवर होती. बघत एकीकडे होती आणि पास दुसरीकडे देत होती. एकमेकांना नावाने हाका मारत, शिव्या देत, हसत. कुणाचाही बाप कुठेही नव्हता. कोचपप्पा भारावून व्हिडिओ काढत राहिला. परतीच्या गाडीत त्याने विचारलं, ‘काय शिकलास?’

‘त्यांचे पप्पा येत नाहीत,’ चिरंजीव म्हणाले.

‘वेगळं काय दिसलं, खेळात?’

‘तेच.’

रोजची प्रॅक्टिस संध्याकाळी साडेसातला, पार्किंगमध्ये. खाली चिरंजीव, खांबाला टेकून चौथ्या मजल्यावरची सहावीतली एक मुलगी, आणि मधोमध कोचपप्पा. ही मुलगी कुणी न बोलावता येते, पायात स्लीपर घालून. बॉल हाती आला की सरळ रिंगमध्ये टाकते. तिच्यासाठी कुणी फाईल केलेली नाही. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या संघापर्यंत मजल मारली, हे वहिनींनी एकदा मुद्दाम मोठ्याने सांगितलं, पण तेव्हा कोचपप्पा डिफेन्सचा स्टान्स समजावत होता आणि गुडघ्यातून उठता न आल्यामुळे त्याचं लक्ष नव्हतं.

कोचपप्पाची पद्धत अशी की आधी करून दाखवायचं. ‘बघ. कोपर आत. मनगट सैल. नजर रिंगवर.’ आणि तो शॉट मारतो. बॉल रिंगपासून हातभर लांबून जातो आणि वॉचमनच्या केबिनमध्ये शिरतो. चिरंजीव धावत जाऊन आणतात. ‘आता परत बघ. मघाशी मी मुद्दाम चुकवला.’ बॉल बीमला लागून लाल गाडीखाली. चिरंजीव पोटावर सरपटत जाऊन काढतात. ‘वारा आहे.’ बॉल गेटबाहेर, पावसाच्या पाण्यातून गटाराकडे. चिरंजीव रिक्षा चुकवत धावतात आणि झाकण नसलेल्या गटारात बॉल पडायच्या आत त्याच्यावर झेप घेतात. तासाभराच्या प्रॅक्टिसमध्ये शॉट मारतो बहुतेक कोचपप्पा आणि धावतात फक्त चिरंजीव. साडेआठ वाजता चिरंजीवांना एकदा बॉल मिळतो. तेवढ्यात आजी हाक मारतात: ‘पानं घेतली आहेत!’

निवड चाचणीचा दिवस आला. आदल्या रात्रभर पनवेलचा जुलै मनसोक्त कोसळला होता. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर हिरवं शेवाळ, कोपऱ्यात घोटाभर पाणी. पी.टी.चे सर आणि शिपाईमामा वायपरने पाणी ओढत होते. मग पोती अंथरली, पोती पुसली, शेवाळावर भुसा टाकला. चाचणी संध्याकाळीच होती, म्हणजे चिरंजीव त्यांच्या पूर्ण उंचीपेक्षा सेंटिमीटरभर कमी होते. कोचपप्पाने त्यांना दुपारी दोन तास आडवं झोपवून ठेवलं होतं, चकत्या दबू नयेत म्हणून.

पालकांना गेटच्या आत प्रवेश नव्हता. कोचपप्पा स्कूटरच्या सीटवर उभा राहिला, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने कंपाउंडवरून खुणा. तशा खुणा करणारे आणखी चार-पाच कोचपप्पा रांगेने होते. एकाच वेळी इतके हात हलताना बघून रस्त्यावरच्या एका टेम्पोने गाडी मागे घेतली.

पी.टी.चे सर म्हणजे वेगळा प्राणी. वीसेक वर्षं त्यांनी याच कोर्टवर पोरांच्या पिढ्या पळवल्या. बोलतात कमी, शिट्टीही कमी वाजवतात. पाठीवर मोठा नंबर असलेला टी-शर्ट, तीन हजारांचे बूट, हेअरबँड यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांनी पोरांना उजव्या हाताने लेअप मारायला लावला, मग डाव्या. डाव्या हाताला निम्मी रांग ढासळली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायला लावलं. मग तीन-तीनचे गट पाडून खेळवलं. चिरंजीवांना सहा फुटी दहावीतल्या मुलाच्या समोर उभं केलं. चिरंजीवांच्या नजरेच्या रेषेत त्याच्या बनियनवरचा नंबर होता. पहिला शॉट रिंगला न लागता बोर्डामागून गेला. दुसरा त्या मुलाने तळहाताने परत पाठवला. सीटवरचा कोचपप्पा हळूहळू खाली बसला.

आता सरांची एक सवय आहे, जी कोणत्याही व्हिडिओत नाही. खेळ चालू असताना ते मध्येच हातातला जादा बॉल कोर्टबाहेर सोडून देतात. मुद्दाम. पाण्याकडे, शेवाळाकडे, गेटकडे. आणि बघत राहतात. बहुतेक पोरं बॉल गेला म्हणून कंबरेवर हात ठेवून उभी राहतात, एकमेकांकडे ‘तू जा’ म्हणून बघतात. सर नाव खोडतात. त्या दिवशी बॉल गेटच्या दिशेने, गटाराकडे सुटला आणि कुणी पापणी हलवायच्या आत चिरंजीव सुटले. भुशावरून घसरले, पाण्यातून गेले, पोटावर आडवे झाले आणि गटाराच्या काठावर बॉल पकडून उभे राहिले. ड्रेस चिखलाने भरलेला, कोपर सोललेलं. ‘सर, बॉल.’

सरांनी दुसरा सोडला. चिरंजीव पुन्हा आधी पोहोचले. तिसरा रिंगवरून उडाला तेव्हा सहा फुटी मुलगा उंच उभा राहिला, पण बॉल कुठे पडणार हे चिरंजीवांना आधीच कळलं होतं. महिनाभर स्लॅबवरून, बीमवरून, स्कूटरवरून उडालेले बॉल झेलून त्यांना एकच विद्या आली होती: चुकलेला शॉट कुठे जातो. बास्केटबॉलमध्ये तिला रिबाउंड म्हणतात आणि तिच्यावर सामने जिंकले जातात. सरांनी वहीत टिक केली.

दोन दिवसांनी सूचनाफलकावर बारा नावांची यादी लागली. चिरंजीव अकराव्या क्रमांकावर. संध्याकाळी सोसायटीत पेढे. कोचपप्पा दारोदार डबा घेऊन फिरला आणि प्रत्येक मजल्यावर यशाचं कारण सांगितलं. पहिल्या मजल्यावर बार, दुसऱ्यावर खजूर, तिसऱ्यावर नागपाडा. चौथ्यावर त्याने आजींच्या पोथीलाही थोडं श्रेय दिलं. अंड्यांचा उल्लेख टाळला.

निवड झाल्यावर खरा धोका असतो तो सरांना. कारण यादीत मुलगा आला की कोचपप्पाला वाटतं, आता सरांना आपली गरज आहे. पहिल्याच प्रॅक्टिसला तो फाईल घेऊन हजर: चिरंजीवांना स्टार्टिंग फाइव्हमध्ये का घ्यावं याची सहा कारणं, तक्त्यासह. सरांनी फाईल उघडली. पहिल्याच पानावर जन्मदाखला, त्याच्या चार साक्षांकित प्रती, आधारच्या प्रती, बोनाफाईड, पासपोर्ट साइज फोटोंचा संच, प्रत्येक फोटोच्या मागे नाव. प्लास्टिकच्या कव्हरात, अनुक्रमणिकेसह. स्पर्धेच्या वेळी दर वर्षी याच कागदांवरून सरांची झोप उडते. कुणाचा दाखला नाही, कुणाचा फोटो नाही, कुणाच्या आधारवर आडनाव वेगळं.

सरांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांत पहिल्यांदाच प्रसन्नता दिसली म्हणतात. ‘साहेब,’ ते म्हणाले, ‘टीमला मॅनेजर हवा आहे. बारा मुलांचे कागद, ओळखपत्रं, पाण्याचे कॅन आणि मुलं मोजून नेणं, मोजून आणणं. तुमच्याशिवाय जमणार नाही.’

कोचपप्पाने तत्काळ होकार दिला. बारा मुलांच्या बारा फायली झाल्या. संघ दुसऱ्या फेरीत हरला, पण एकही फॉर्म बाद झाला नाही, हे शाळेच्या इतिहासात प्रथमच घडलं. सामन्यांच्या दिवशी कोचपप्पा ऑफिशियल्सच्या टेबलाजवळ फायली मांडून इतका मग्न असे की कोर्टवर काय चाललं आहे ते बघायला त्याला वेळच नव्हता. सरांनी त्याला बॉलपासून लांब ठेवण्याचा जगातला एकमेव उपाय शोधला होता. चिरंजीवांनी त्या दिवशी पाच मिनिटं खेळून चार रिबाउंड घेतले आणि गणिताचे सगळे तास बुडवले.

यंदा जूनमध्ये पहिल्या मजल्यावरचे एक बाबा बॉल घेऊन आले. मुलगा सातवीतला, चष्मिस, नखं खाणारा. कोचपप्पाने त्यांना पार्किंगमध्येच गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि सल्ला दिला. उंची, आहार, बार, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं लटकणं. बाबा वहीत टिपून घेत होते.

तेवढ्या वेळात चिरंजीव त्या चष्मिस मुलाला खांबामागे घेऊन गेले.

‘लटकू-बिटकू नकोस,’ ते हळूच म्हणाले. ‘रोज संध्याकाळी फक्त तुझ्या बाबांना शॉट मारायला सांग.’